डावखुरा डाग

बारामतीतून इंदापूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड होतं. पाटीवर नाव साहेबरावांचं होतं, पण आत हौदाशेजारी बसून ट्रक-ट्रॅक्टरच्या फुटक्या रेडिएटरला कथलाचा डाग देणारी बाई म्हणजे त्यांची बायको, ताईबाई. नवखा ड्रायव्हर आला की आधी इकडंतिकडं बघायचा आणि मिस्त्री कुठं गेले म्हणून विचारायचा. ताईबाई मान वर न करता म्हणायची, "मिस्त्री कुवेतला हायेत. काम काय ते मला सांगा."

कुवेतची लढाई होऊन आता सहा-सात वर्षं झाली होती.

साहेबराव अठ्ठ्याऐंशी साली गेले. तिकडं एका गॅरेजात रेडिएटरचंच काम होतं. दोन वर्षांत परत येतो, मग जळोचीतल्या घरावर स्लॅब टाकू, असं सांगून गेले होते. ते यायच्या आधी लढाई पेटली. हजारो माणसं अम्मानमार्गे विमानानं परत आली. साहेबरावांच्या खोलीवर राहणारा फलटणकडचा एक माणूसही आला. त्यानं सांगितलं ते एवढंच, की अम्मानला निघालेल्या बसमध्ये जागा कमी पडली तेव्हा साहेबरावांनी एका म्हाताऱ्याला आपली जागा दिली आणि मागच्या बसनं येतो म्हणाले. ती मागची बस कुठं गेली, ते कुणालाच सांगता आलं नाही. दिल्लीपर्यंत चौकशी झाली. मेल्याची खबर आली नाही आणि जिवंत असल्याचीही नाही.

वर्षभर वाट बघून ताईबाईनं शेडचं कुलूप काढलं. नवऱ्याच्या हाताखाली नळ्या धरता धरता काम डोळ्यांना सगळं पाठ झालं होतं, हाताला मात्र नव्हतं. सुरुवातीला बोटं भाजली, दिलेले डाग आठवड्यात सुटले, एका ट्रॅक्टरवाल्यानं तर भर रस्त्यात सुनावलं. पण हळूहळू हात बसला. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रक तिच्या दारात उभे राहू लागले.

धाकटा दीर संघपाल एसटीत कामाला होता. माणूस चांगला, अडीनडीला धावून येणारा. पण दरवर्षी तो एकदा विषय काढायचा, की वहिनी, दादा गेला असं धरून त्याचं पुण्यानुमोदन करून घेऊ, आता किती दिवस असं राहायचं. ताईबाई गळ्यातल्या काळ्या पोतीवर हात ठेवून उठून जायची. मग दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नसत.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात दत्तोबा आपली जुनी ऑस्टिन मोटार घेऊन आले. दत्तोबा इंदापूर तालुक्यातले, नरसिंहपूरच्या अलीकडचे बागायतदार. गाडी त्यांच्या वडिलांनी एका साहेबाकडून घेतलेली, काळीभोर, कासवाच्या पाठीसारखी गोलसर. नातीच्या लग्नात नवरीला याच गाडीतून आणायचं ठरलं होतं. पण पुढं बसणाऱ्याच्या पायांवर गरम पाणी गळायचं. या गाडीत पायाशी हीटर होता. इंजिनाचं गरम पाणी त्यातल्या छोट्या रेडिएटरमधून फिरायचं आणि त्यावरून आलेला वारा आत ऊब द्यायचा. तो छोटा रेडिएटरच फुटला होता. गावातल्या मेकॅनिकनं सल्ला दिला होता, की आपल्याकडं हीटर लागतो कुणाला, दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाका, गळती बंद. दत्तोबांना ते पटलं नव्हतं.

"थंडीत आबा आमाला पहाटं नरसिंहाच्या दर्शनाला न्यायचं," ते म्हणाले. "आमी पोरं पायाशी बसायचो, उबंला. तवा हीटर चालला पायजे, बाई."

ताईबाईनं खाली वाकून हीटरचा डबा सोडवला, नमद्याचं म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कुजलेलं अस्तर खरवडलं आणि आतला रेडिएटर बाहेर काढला. फार तर दोन विटांएवढा. एक नळी बंद करून दुसरीतून हवा भरली आणि तो हौदात बुडवला. एका कोपऱ्यातून बुडबुडे आले. जागा बघायला तिनं तो उजेडात धरला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

बुडबुड्यांच्या शेजारी एक जुना डाग होता. स्टोव्हच्या पितळी पत्र्याचं ठिगळ, त्यावर कथील, आणि कथलाचं शेपूट डावीकडं ओढलेलं. साहेबराव डावखुरे होते. कथील वितळवायची बत्ती उचलताना हात डावीकडं निघायचा आणि दर डागाला असं शेपूट राहायचं. बारामतीत दुसऱ्या कुणाचा डाग असा दिसत नव्हता.

तिनं दत्तोबांना विचारलं, हे आधी कुणी केलं होतं? दत्तोबांना आठवलं. आणीबाणीनंतर दोनतीन वर्षांनी, असाच हिवाळा होता. इथंच एक पोरगेला मिस्त्री होता.

"तुमचं मालक का ते?"

ताईबाईनं मान डोलावली.

खरं तर तो रेडिएटर कामातून गेला होता. पितळ पापडासारखं पातळ झालेलं. आतला जाळीचा भाग काढून नवा बसवायचा, हेच खरं काम. पण ताईबाईला तो डाग टाकवेना. तिनं ओलं फडकं घडी करून त्या डागावर दाबून धरलं, म्हणजे आच लागून जुनं कथील वितळू नये, आणि शेजारच्या भोकाला बत्ती लावली. श्वास रोखून काम केलं. फडक्यातून वाफ निघत होती. फडकं उचललं तेव्हा साहेबरावांचा डाग जसाच्या तसा होता.

पुन्हा हौदात बुडवलं तर बुडबुडे मधोमध निघाले. तिथं डाग दिला, तर तिसरीकडून. त्या दुपारी तिनं तो कितीदा बुडवला असेल. शेवटी ती हात पुसून पायरीवर बसून राहिली. असंच दिलं तर लग्नाच्या दिवशी नवरीच्या पायांवर उकळतं पाणी पडेल, हे तिला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं एका भंगारातल्या रेडिएटरच्या चांगल्या नळ्या कापून तसाच नवा गाभा बांधला आणि जुन्या रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या मूळच्या टाक्या त्याला जोडल्या. साहेबरावांच्या डागाची जुनी जाळी ठेवून घेऊ का म्हणून दत्तोबांना विचारलं. ते म्हणाले, तुमचीच हाय.

गाडी न्यायला दत्तोबा सकाळी लवकर आले. गारठा होता, उसाच्या फडांवर धुकं होतं. चालवून बघायला ताईबाई पुढं शेजारी बसली. इंजिन तापल्यावर तिनं बटण ओढलं आणि पायांशी ऊब यायला लागली. आधी घोट्यांना, मग गुडघ्यांपर्यंत. तिनं हात खाली धरून सांधे तपासले. सगळं कोरडं होतं.

जळोचीच्या फाट्यापाशी दत्तोबांनी गाडी हळू केली.

"तवा बी आमी असंच फिरून बघाया निघालो होतो," ते म्हणाले. "मालक तुमचं म्हणलं, हितं थांबवा, घरच्यांना आणतो. तिला एकदा बसवायची हाय ह्या उबंत. पळत गेलं आन् तसंच परत आलं. म्हणलं, विसरलोच, ती तर बाळंतपणाला माहेरी गेलीया."

ताईबाईला हे ठाऊक नव्हतं. साहेबरावांनी कधी सांगितलं नव्हतं. बायको घरात नाही हेच विसरून धावत गेले, याची लाज वाटली असेल. तिनं खिडकीतून फाट्याकडं बघितलं. गावात जाणारी वाट धुक्यात थोडीच दिसत होती. दत्तोबांनी गाडी तिथंच उभी ठेवली, इंजिन चालू ठेवलं. ताईबाईनं पदर तोंडाशी धरला आणि बराच वेळ ती त्या वाटेकडं बघत राहिली. तिचे पाय ऊबदार होते.

नातीचं लग्न झालं. नवरीची साडी कोरडी राहिली, असा निरोप पेढ्यांबरोबर आला.

उन्हाळ्यात संघपालनं पुन्हा विषय काढला. ताईबाई या वेळी उठून गेली नाही. तिनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "तुमच्या घरी करा, भावजी. मी येईन. फोटो ठेवा. पण हार घालू नगा."

संघपालनं तसंच केलं. भंतेजी आले, वंदना झाली. फोटोपुढं फुलं ठेवली होती, फोटोला हार नव्हता. ताईबाई काळी पोत घालून बसली होती आणि कुणी तिला काही म्हणालं नाही. जेवणं झाल्यावर ती कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलीला, प्रियदर्शनीला घेऊन ओसरीवर आली आणि फाट्यावरची गोष्ट तिनं तिला पहिल्यांदा सांगितली.

"मग तू कुठं होतीस?" मुलीनं विचारलं.

"माहेरी," ताईबाई म्हणाली. "तुजी वाट बघत."