पाटोद्याचे मेटलवाले आप्पा

बापूचा फोन आला तेव्हा मी गेवराईत, आमच्या डेअरीच्या लॅबमध्ये होते. सकाळच्या दुधाचे नमुने यायला सुरुवात झाली होती, हात ओले होते, म्हणून फोन खांद्यावर धरला. त्याच्या मागं कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "सुनंदाताई, आप्पा गेले..." आणि फोन तसाच चालू राहिला. मीही तो बंद केला नाही. बराच वेळ आम्ही दोघं त्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकत उभे होतो. डायलिसिस सुरू झाल्यापासून हे कधीतरी होणार हे आम्हाला माहीत होतं; तरी माहीत असणं निराळं आणि ऐकणं निराळं.

आप्पा म्हणजे मन्मथआप्पा. पाटोद्याच्या बाजारपेठेत त्यांच्या घरचं भांड्यांचं दुकान आहे, ते थोरले बंधू बघतात. आप्पांना दुकानात रस नव्हता. त्यांनी रेफ्रिजरेशनचा कोर्स केला, पुण्याला एका कोल्ड स्टोअरेजमध्ये काही काळ नोकरी केली आणि वडील गेल्यावर परत येऊन आमच्या सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात ऑपरेटर झाले. मी त्याच केंद्रात दुधाची फॅट तपासायला लागले होते. कॉलेज नुकतंच संपलं होतं, पहिली नोकरी, केंद्रात मी एकटीच बाई. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. कॉम्प्रेसरच्या खोलीतून असा काही खडखडाट यायला लागला की मी नळ्या तशाच टाकून पळत गेले. आत आप्पा निवांत स्टुलावर बसले होते. मी म्हणाले, "अहो, मशीन फुटतंय बहुतेक." त्यांनी कॉम्प्रेसरवर हात ठेवून पाहिला, मग कोनाड्यातल्या टेपरेकॉर्डरकडं बोट दाखवलं. "कॉम्प्रेसर ठीक हाय. हा ड्रमर हाय."

पुण्याच्या खोलीत त्यांच्याबरोबर ईशान्येकडचा एक मुलगा राहायचा. घरची आठवण आली की तो हेवी मेटल लावायचा. पहिले काही दिवस आप्पा कानावर उशी घेऊन झोपायचे, मग उशी सुटली आणि पाटोद्याला परत येताना त्यांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा कॅसेट जास्त होत्या. मला त्यांनी हे संगीत शिकवलं असं म्हणता येणार नाही, कारण शिकवण्याचा आव त्यांच्यात नव्हता. दुधाची गाडी यायला उशीर असला की एखादी कॅसेट लावायचे आणि कसं वाटलं तेवढं विचारायचे. आवडलं नाही म्हटलं की दुसरी. थ्रॅश म्हणजे धावतं, धारदार. डेथ मेटलमध्ये आवाज गळ्यातून नाही, पोटातून येतो. डूम म्हणजे इतकं संथ की पुढचा ठोका येणार आहे की नाही अशी शंका यावी. पॉवर मेटलमध्ये गाणारा नेहमी घोड्यावर बसलेला असतो... ही सगळी त्यांची भाषा. मला आवडलं ते ब्लॅक मेटल. नॉर्वेच्या कुठल्याशा पोरांनी वाजवलेलं, आवाज खरखरीत, जणू बंद दाराबाहेर बर्फाचं वादळ चाललंय. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत बसून मी ते ऐकलं आणि म्हणाले, "आप्पा, ह्यातून गार वाटतं." ते एवढे खूश झाले की पुढं जो भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या सुनंदाला गाण्यातून थंडी वाजती."

बापू आला तो कॅसेट मागायला नव्हे, द्यायला. तो डोंगरपट्ट्यातल्या गावचा, घरची सगळी माणसं ऊसतोडीला जाणारी. एका हंगामात कारखान्याच्या गावच्या बाजारात त्यानं जुन्या कॅसेटच्या ढिगातून कवटीचं चित्र आहे म्हणून एक कॅसेट उचलली होती. गावात कुणी ती ऐकून घेईना. केंद्रावर घरचं दूध घालायला आला तेव्हा त्याला आतून तसलाच आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तो कॅसेट रुमालात बांधून घेऊन आला. ती डूमची निघाली, आणि आप्पांकडंही नसलेल्या बँडची. तेव्हापासून आम्ही तिघं झालो. दिवाळीनंतर बापू तोडीवर जायचा तेव्हा आप्पा त्याला सहा महिने पुरतील एवढ्या कॅसेट भरून द्यायचे आणि गुढीपाडव्याला तो परत आला की कोणती कशी वाटली यावर भांडणं. मी म्हणायचे, तुझं डूम ऐकताना झोप येते. बापू म्हणायचा, "दिवसभर कोयता चालवून बघा ताई. मंग कळंल हळू कावून पायजे." आप्पा दोघांचं ऐकून घ्यायचे. त्यांचा स्वतःचा जीव जुन्या, साध्या हेवी मेटलमध्ये होता, ज्यात दोन गिटारी एकमेकींना धरून चालतात. पण ते स्वतःचं म्हणणं शेवटी सांगायचे, आणि कधी कधी सांगायचेच नाहीत.

मग पाऊस सलग गेला. तलाव आटले, गावोगाव टँकर आले, जनावरं विकली गेली. केंद्रावर येणाऱ्या दुधाच्या कॅनची रांग पूर्वी फाटकाबाहेर जायची, ती ओट्यावरच संपायला लागली. अशा दिवसांत माणसं कशावर तरी राग काढतात. कुणीतरी चेअरमनसाहेबांकडं तक्रार केली की केंद्रात सैतानाची गाणी वाजतात, भिंतीवर कवट्या लावल्यात, आणि एक तरणी पोरगी तिथं बसून ते ऐकते. हे शेवटचं माझ्या घरी कळलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी सुटली असती. चेअरमनसाहेब म्हातारे, धोतरातले, शेतकरी गृहस्थ. ते एका दुपारी न सांगता आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "लाव तुझं काय आसंल ते." आप्पांनी कुठलीही मवाळ कॅसेट शोधली नाही. जी आत होती तीच लावली. साहेब काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले,

"हा भांडतो कुणाशी?"

"कुणाशी न्हाई, साहेब. त्याला बरं वाटंना, ते सांगतोय."

"आसं वरडून?"

"हळू सांगून कुणी ऐकलं नसंल."

मग साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "पोरी, तुला ह्याचा तरास हाय का?" मी नाही म्हणाले, मला आवडतं म्हणाले. साहेब उठले. "कवट्या काढ भिंतीवरच्या. लोकं दूध घेऊन येत्यात हितं. गाण्याचं मी बघतो." त्यानंतर तक्रार आली नाही. आप्पांनी चित्रं उतरवली आणि कपाटाच्या दाराला आतून लावली.

केंद्र मात्र वाचलं नाही. दूधच येईना तेव्हा संघानं ते बंद केलं. मला गेवराईला खासगी डेअरीत काम मिळालं, आप्पांना संघानं बीडकडच्या पालीजवळच्या चारा छावणीवर पाठवलं. तिथलं बिंदुसरेचं धरण पार तळाला गेलं होतं. छावणीत चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्याचा वास, शेणाचा वास आणि दिवसभर जनावरांचं हंबरणं. मी एकदा भेटायला गेले तर आप्पा म्हणाले की इथं टेप लावत नाही, जनावरं आधीच बेजार आहेत.

त्याच हंगामात बापूचा धाकटा भाऊ गेला. विष्णू त्याचं नाव. उसाची ट्रॉली उलटली, तो खाली होता. सगळं तिकडंच, कारखान्याच्या भागातच उरकलं. निरोप आला तेव्हा आप्पांनी छावणीवर दुसऱ्याला बसवलं, शोभावहिनींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, दशम्या बांधून दिल्या, आणि एसट्या बदलत बदलत ते बापूच्या फडावर पोचले. पुढचं बापूनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता की धड बोलला नव्हता. सकाळी कोयता घ्यायचा, तोडायचा, पाचटानं शाकारलेल्या कोपीत येऊन पडायचा. आप्पा दुपारी आले, शेजारी बसले, दशमी पुढं केली. वाईट झालं वगैरे एक शब्द बोलले नाहीत. पिशवीतून टेप काढला, सेल घातले आणि बापूनं पहिल्यांदा आणलेली ती संथ कॅसेट लावली. आसपासच्या कोप्यांतली माणसं गोळा झाली. एक म्हातारी विचारायला लागली, "काय रं बाबा हे? कुणी मेलंय का ह्या लोकांचं?"

आप्पा म्हणाले, "ह्याचा भाऊ गेला, आजी."

म्हातारी खाली बसली. म्हणाली, "मंग बराबर हाय. आसंच वाजाया पायजे."

बापू म्हणाला, "ताई, तवा मला रडू फुटलं. ती म्हातारी पार कॅसेट संपूस्तोर माझ्या पाठीवर हात ठिवून बसली. आप्पा उठले, त्यांनी कॅसेटची बाजू बदलली, पुन्ना बसले. तेवढंच."

मी आप्पांना याबद्दल एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मला काय बोलावं सुचंना, म्हणून टेप नेला." मला ते खरं वाटलं. लोक त्यांना कमी बोलणारे म्हणायचे. मला वाटतं, जे बोलून होणार नाही ते ओळखण्यात ते वाकबगार होते, आणि त्याची त्यांना जाणीवही नसावी.

पुढं पाऊस परत आला, संघ काही परत उभा राहिला नाही. आप्पांनी फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बापूनं तोड सोडली, आता तो स्वतःचा टेम्पो चालवतो. कॅसेट गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, मग फोनवर सगळ्या जगाचं मेटल आलं. आप्पा फिनलंडपासून ब्राझीलपर्यंतचं काहीबाही पाठवायचे, आणि खाली एवढंच, "बापूसाठी, हळू" किंवा "सुनंदासाठी, थंडी." किडन्या निकामी झाल्यावर बीडला डायलिसिसला जायचे तेव्हा कानाला हेडफोन असायचा. तिथल्या सिस्टरनं एकदा विचारलं, आप्पा, भजन ऐकता का? त्यांनी हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. ती दचकली, मग हसली, आणि पुढच्या वेळी स्वतःहून म्हणाली, मागचंच लावा. आमची शेवटची भेट तिथलीच. हात सुजले होते, आवाज बारीक झाला होता. मला म्हणाले, "आता वेगाचं सोसंना गं. बापूकडं सरकलोय मी." बापू शेजारीच उभा होता. जिंकल्यासारखा हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

आप्पांना त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं बसवून समाधी दिली. कपाळाला विभूती, बेलाची पानं, पुढं भजन. बापू काळा टी-शर्ट घालून आला होता, छातीवर बँडचं काटेरी नाव. लोक वळून बघत होते, कुणी कुजबुजलंही. आप्पांचे थोरले बंधू, ज्यांनी आयुष्यभर या संगीताला नाक मुरडलं, ते गर्दीतून बापूपाशी आले आणि म्हणाले, "म्होरं ये. खांदा दे."

परवा मी आणि बापू शोभावहिनींना भेटायला गेलो. दुरुस्तीच्या दुकानामागच्या आप्पांच्या खोलीत त्यांनी नेलं. आप्पांनी स्वतः ठोकलेले दोन मोठे स्पीकर समोर, आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक लाकडी खुर्ची. वहिनी म्हणाल्या, "ह्या खुर्चीवर ते कधी बसले न्हाईत. सगळ्यात चांगलं तिथं ऐकू येतं म्हणायचे, म्हणून आलेल्याला बसवायचे, आपण खाली. मला किती बार म्हणले, बस की पाच मिनिटं. मी म्हणायची, भाकरी करपंल." बापूनं खुर्ची रुमालानं पुसली. "बसा, वैनी." त्या नको नको म्हणाल्या, आणि मग पदर सावरून बसल्या, एसटीत बसतात तशा, अंग चोरून.

बापूनं विचारलं, "कंचं लावू? हळू का फास्ट?"

"त्यांला आवडायचं ते."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आप्पांनी आयुष्यभर आमच्याच आवडीचं शोधून आणलं होतं. मी रॅकमधून त्यांचं जुनं, साधं, दोन गिटारींचं काढून दिलं. सुरुवातीलाच ड्रम कोसळले तसे वहिनींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बापू आवाज कमी करायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ते कमी करत नव्हते."

मग मी आणि बापू भिंतीला टेकून खाली बसलो. तिथं चुन्यावर डोक्याच्या तेलाचा एक काळसर डाग पडला होता. बापू त्याच्या एका बाजूला बसला, मी दुसऱ्या.