टाकी नसलेल्या गाडीचे कपाळ

विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलीलाही पेट्रोलची टाकी असते, हे मला परभणीतल्या एका नव्या दुकानात कळले. गाडी दुकानाच्या दर्शनी काचेच्या आत फिरत्या चबुतऱ्यावर ठेवली होती. मी टाकीवर टिचकी मारली तर आतून रिकाम्या प्लास्टिकचा आवाज आला. आत काय आहे, असे विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "काही नाही मॅडम, लूकसाठी आहे." टाकीच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारे झरोके होते, पण त्यांतून हवा कुठेच जात नव्हती. हँडलजवळचे एक बटण दाबले की स्पीकरमधून इंजिनाची धडधड ऐकू येत असे. विक्रेत्याने ते मोठ्या अभिमानाने दाबून दाखवले.

मी मोटारसायकलवेडी आहे. हे आधी सांगायला हवे, नाहीतर माझा राग विजेवर आहे, असा समज होईल. माझे वडील गणिताचे शिक्षक. त्यांच्या जुन्या मोटारसायकलीवर मी पिंगळीच्या रस्त्याला गाडी शिकले. तिचा वेगदर्शक काटा बंद होता, त्यामुळे टाकीला टेकलेल्या गुडघ्यांत येणाऱ्या कंपनावरून मी वेग ओळखत असे. त्या गाडीवरची एकही वस्तू शोभेची नव्हती. टाकी उंच होती, कारण पेट्रोल वरून खाली स्वतःच्या वजनाने वाहत असे. इंजिनाला पाती होती, कारण त्यांवरून वारा जायला हवा होता. पुढे मी आधी पदार्थविज्ञान आणि नंतर वाहनांची रचना शिकले, पण आकाराला कारण असते हा धडा मला त्या गाडीने आधीच दिला होता. म्हणूनच त्या दुकानातली पोकळ टाकी मला अपमानासारखी लागली. इंजिन गेले, पेट्रोल गेले, आणि त्यांच्या जागी काय शक्य आहे याचा विचार करायचा सोडून कुणीतरी त्यांचा मुखवटा ओतून ठेवला होता.

मी कागदावर जी गाडी काढली ती कारणांपासून सुरू झाली. बॅटरी जड असते, म्हणून ती दोन चाकांच्या मधोमध, जमिनीपासून शक्य तितकी खाली. मोटर मागच्या चाकातच, म्हणून साखळी नाही. पायांमध्ये इंजिन नाही, म्हणून पाय फाकवून उंच बसण्याची गरज नाही. बैठक खाली, पाठीला आधार, पाय पुढे. जिथे टाकी असते तिथे मी मोकळी जागा सोडली आणि तिच्या खाली सामानासाठी खोलगट डबा केला. चार्जिंगची पिन लावायचे तोंड हँडलच्या मधोमध, बसल्या जागी हात पोहोचेल असे, गोल झाकणाचे. वाकायला नको, अंधारात चाचपडायला नको. चार्जिंग सुरू झाले की त्या झाकणाभोवती हिरवा दिवा उजळे.

सांगाडा परभणीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात तयार झाला. तिथे रोज माणसे थांबून बघत.

"ताई, ही गाडी हाय का बाज?"

"गादी कवा टाकायलाव हिच्यावर?"

"झोप लागली की आपोआप थांबती का?"

मी पहिल्या दिवशी गुरुत्वमध्य समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी नाही सांगितला.

या गाडीचे भवितव्य एका समितीच्या हाती होते. नव्या यंत्रांना वर्षभर कार्यशाळा आणि चाचणीची साधने देणारी ही समिती दसरा उलटल्यावर परभणीत येणार होती. निवड झाली तर मला गाडीची खरी परीक्षा घेता येणार होती, आणि झाली नाही तर ती वेल्डिंगच्या दुकानामागे ग्रिलच्या तुकड्यांत उभी राहणार होती. समितीला दाखवण्यासाठी मला प्रत्यक्ष वापराची मोजमापे हवी होती, म्हणून मी गाडी वालूरला काकांकडे ठेवली. त्यांच्या शेताकडे जाणारी वाट काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती चाक गिळते आणि नंतर वाळून भेगाळते. याहून कठोर परीक्षक मला माहीत नव्हता.

काकांनी गाडी मनापासून वापरली. रोज संध्याकाळी फोन येई. "चालतीय की मस्त. आवाज न्हाई, त्यामुळं कुत्रे मागं लागत न्हाईत. पन मानसंबी बाजूला सरकत न्हाईत." काकू मागे बसून सेलूच्या बाजाराला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाठ दुखली न्हाई माय, तेवढं खरं. पन लोक गाडीकडं बघायलेत का माज्याकडं, तेच कळंना." मोजमापे माझ्या अपेक्षेहून सरस येत होती. इतके सुरळीत चालले होते की मी सावध व्हायला हवे होते, असे लोक म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. मला जे जे मोजता येत होते ते मी मोजले होते. बंद झाकणावर पंपाच्या पाण्याचा झोत मारून पाहिला होता, धूळ उडवली होती, भर उन्हात गाडी उभी केली होती.

खंडेनवमीला मी शेवटची मोजमापे घ्यायला वालूरला गेले. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची आणि वाहनांची पूजा असते. अंगणात सगळे धुऊनपुसून ओळीत मांडले होते: ट्रॅक्टर, काकांची मोटारसायकल, फवारणीचा पंप, कुऱ्हाड, विळे. ओळीत पहिली जागा माझ्या गाडीला दिली होती. तिला झेंडूची सर्वांत जाड माळ होती. ते पाहून मला जे वाटले ते अर्धा क्षण टिकले, कारण दुसऱ्या अर्ध्यात मला झाकण उघडे दिसले. चार्जिंगच्या तोंडात हळदी-कुंकवाचा ओला लगदा होता, त्यावर अक्षता, आणि कडेवरून नारळाचे पाणी ठिबकत होते.

"काका, झाकण कशाला उघडलंत?"

"मग कुंकू कुठं लावू?" काका शांतपणे म्हणाले. "माज्या गाडीला टाकीवर स्वस्तिक काढलं. ट्रॅक्टरला बोनेटवर काढलं. तुज्या गाडीला टाकी न्हाई, बोनेट न्हाई. लय हुडकलं. मंग म्हनलं, हिचा जीव इथून आत जातो, दिवाबी इथंच लागतो. हेच हिचं कपाळ."

"आणि नारळाचं पाणी?"

"घोटभरच घातलं. बाकीचं तुज्या काकूनं पेलं."

मी पिशवीतून पाना काढला. तोंड उघडून, पुसून, वाळवायला फार वेळ लागला नसता. काकांनी माझ्या हाताकडे पाहिले. "आज न्हाई. पूजेला बसलेल्या वस्तूला उद्या सोनं लुटेपर्यंत हात लावायचा न्हाई. आमच्यात कधी लावला न्हाई."

"काका, त्या पाण्यात क्षार असतात. मीठ समजा."

"मीठ?" काकू मध्येच म्हणाल्या. "आत्ताच पेले मी. गोड होतं."

"गोड असतं, पण त्यात क्षारही असतात. वाळले की पिनांवर थर बसतो, आणि त्या थरातून वीज गळते."

"असू दे," काका म्हणाले. "देवाला चालतंय."

पोटॅशियमविषयी याहून सोपे वाक्य मला त्या अंगणात रचता आले नाही. घर त्यांचे, सण त्यांचा, आठवडाभर माझ्या यंत्रावर कंबर हलवून घेण्याचे कष्टही त्यांचेच. शिवाय पाना हातात घेऊन मी ज्या वस्तूला हात लावणार होते तिला त्यांनी ट्रॅक्टरच्याही आधी मान दिला होता. मी पाना परत ठेवला. पाणी आत पाझरत राहिले.

दसऱ्याला काकांनी गाडी काढली आणि आपट्याची पाने वाटत गल्लीगल्लीतून हिंडले. "अख्ख्या वालूरला दाखवून आलो," त्यांनी फोनवर सांगितले. "दोन-दोन फेऱ्या मारल्या. लोक इचारायलेत, कुणाची गाडी? म्हनलं, आमच्या पोरीची." बॅटरी तळाला जाईपर्यंत त्यांनी माझी इज्जत वाढवली आणि मग गाडी चार्जिंगला लावली. हिरव्या दिव्याऐवजी लाल दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले. चार्जर सुरू होई, टिक असा आवाज येई आणि तो बंद पडे. पुन्हा सुरू, पुन्हा टिक. गळणारी वीज ओळखून प्रवाह तोडणारे ते सर्किट मीच बसवले होते आणि ते अत्यंत अचूक काम करत होते. स्पिरिट आणि ब्रशने मी पिना चकचकीत केल्या, पण पाणी पिनांच्या खाली, तारांच्या खाचेत उतरले होते. तो भाग बदलणेच आवश्यक होते आणि परभणीत तो मिळत नव्हता. बॅटरीचा डबा उघडून थेट चार्ज करता आले असते. मात्र पाणी शिरू नये म्हणून तो डबा मी चिकटद्रव्याने असा बंद केला होता की सांगाडा कापल्याशिवाय तो उघडत नव्हता. पाण्यापासून बचावाची माझी प्रत्येक तरतूद यशस्वी ठरली होती, एक सोडून, आणि त्या एकीमुळे बाकीच्या माझ्याच विरुद्ध उभ्या राहिल्या होत्या.

समिती आली त्या सकाळी काकांनी पिकअपमधून गाडी परभणीला आणली. मैदानावर तळाशी उरलेल्या चार्जवर तिने एक फेरी सुरेख मारली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर वेग उतरत गेला आणि ती थांबली. मी उतरून तिला ढकलत परत आणले. समितीचे अध्यक्ष उन्हाचा चष्मा कपाळावर सरकवून बघत होते.

"मीही रायडर आहे," ते म्हणाले. "पहाडांत गाडी घेऊन गेलोय. एक विचारतो. गुडघ्यांनी धरायला पुढे काहीच नाही, मग माणूस बसणार कसा?"

"गुडघ्यांनी धरावं लागतं ते उंच बसल्यामुळे. इथे पाठ टेकलेली आहे."

"ते तुमचं गणित झालं. लोकांच्या मनातली मोटारसायकल अशी नसते." मग त्यांनी गाडी का थांबली, असे विचारले. खोटे सांगण्याचे कारण नव्हते. मी खंडेनवमी, कुंकू, नारळ, सगळे क्रमाने सांगितले. ते ऐकून अध्यक्ष सहकाऱ्यांकडे वळले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "बघा. लोकांना टाकी लागतेच. यांच्या काकांनीच सिद्ध केलं."

रचनेत टाकीसारखे दिसणारे आवरण घाला, त्याचे चित्र आधी पाठवा आणि पुढच्या फेरीत या, असा निर्णय झाला. फिरत्या चबुतऱ्यावरच्या ज्या पोकळ प्लास्टिकवर मी चिडले होते, तेच आता माझ्या गाडीसाठी प्रवेशाची अट होते, आणि ती अट माझ्याच निरीक्षणाच्या आधाराने घातली गेली होती. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. समितीला कोणत्या वर्षी शिकवले होते कोण जाणे.

परतताना मी पिकअपमध्ये काकांच्या शेजारी बसले. मग मी विचारले, "काका, टाकी लावली तर पुढच्या वर्षी स्वस्तिक तिच्यावर काढाल ना?"

"आत काय असंल?"

"काही नाही. पोकळ. नुसती दिसायला."

काकांनी गिअर बदलला. "मंग पोकळ डब्याला कुंकू कशाला लावू? जिथून वीज आत जाती तिथंच लावीन."

"झाकणाला कुलूप बसवलं तर?"

"तर किल्ली मागीन."

माझी चीड यामुळे कमी झाली नाही, उलट तिला दोन टोके आली. अध्यक्षांचे अनुमान चुकीचे होते, हे मला आता निश्चित कळले होते. काकांना टाकी नकोच होती, त्यांना गाडीचा जीव कुठे आहे ते हवे होते आणि ते त्यांनी बरोबर ओळखले होते. पण हे समितीला सांगायचे कसे? सांगितले तरी निष्कर्ष काय, तर पुढच्या खंडेनवमीलाही झाकण उघडले जाणार. वालूरमध्ये एका घरात उघडले तर पोखर्णीत, सेलूत, जिथे जिथे ही गाडी जाईल तिथे उघडले जाणार. हा अपघात नव्हता. हा वापर होता, आणि वापर समजून रचना करायची असते, हे मी स्वतःच सगळ्यांना सुनावत आले होते.

नवा भाग आल्यावर मी तोंडाची बांधणी बदलली. पिना उंच उचलल्या, त्यांच्याभोवती उतार केला, खाली निचऱ्याचे भोक पाडले आणि पाणी सांगाड्याबाहेर पडेल अशी नळी जोडली. मग बाजारातून नारळ आणला. परभणीला माझ्या दारातच गाडी उभी करून झाकण उघडले, हळद-कुंकू कालवून भरले, नारळ फोडला आणि पाणी घोटभर नव्हे, सगळेच ओतले. शेजारच्या काकू फाटकाशी थांबल्या.

"नवी गाडी का गं?"

"जुनीच आहे. चाचणी करतेय."

त्यांनी तरीही गाडीला हात जोडले आणि पुढे गेल्या.

पाणी नळीतून जमिनीवर उतरले. मी काहीही न पुसता ते तसेच वाळू दिले. दुसऱ्या दिवशी चार्जर लावला तेव्हा झाकणाभोवती हिरवा दिवा लागला आणि लागलेला राहिला. समितीला मी निकाल कळवला, टाकीचे आवरण घालणार नाही असेही कळवले, आणि कारणे दिली. उत्तर आले आहे. त्यात निचऱ्याच्या भोकाचा उल्लेख नाही. टाकीच्या चित्राची आठवण तेवढी करून दिली आहे.