घरगाडीचं नाक

साथीत मला आलेला ताप आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. नाक जागेवर आहे, सर्दीही वेळच्या वेळी होते, फक्त वास येत नाही. मोगऱ्याचा नाही, फिनेलचा नाही आणि गॅसचाही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्षं गेली, तो काही आला नाही. मीही वाट बघणं सोडून दिलं.

वास गेल्याचं मला फारसं दुःख नव्हतं. दुःख झालं ते स्वयंपाकघर गेल्याचं. एकदा शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं, ज्योत विझलेली, आणि मी तिथेच बसून निवांत मेथी निवडत होते. सून बाहेरून आली, तिने नाकाला पदर लावून आधी खिडक्या उघडल्या. ती ओरडली नाही. ओरडणाऱ्यातली ती नाहीच. दुसऱ्या दिवसापासून मात्र "आई, राहू द्या, मी करते" सुरू झालं. धुळ्याच्या ज्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढे आणि मग शेगडीपुढे उभी होते, तिथे माझ्या वाट्याला भाजी निवडणं आणि देवाची भांडी घासणं एवढंच राहिलं. बसून खायला मिळतंय तर तक्रार कसली, असं शेजारणी म्हणायच्या. त्यांच्यावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं.

आमचे यजमान नरडाण्याच्या एका कारखान्यात, वेल्डिंगच्या शेडमध्ये, उभा जन्म काढून निवृत्त झाले. घरात बसून करायचं काय, म्हणून त्यांनी एक घरगाडी विकत घेतली. महामार्गाचं काम चालू असताना साहेब लोकांना राहायला ठेकेदाराने ती चाकांवरची खोली आणली होती. काम संपलं तशी ती भंगारात निघाली. यांनी ठोकठाक करून तिला रंग दिला. आत दोन बाकं, एक पलंग, बारका ओटा आणि छोटं सिलेंडर. जीपच्या मागे जोडली की निघालो. आमच्या गल्लीत तिला सगळे रसवंती म्हणतात. शिंदखेड्याला तर एकाने खरोखरच हात करून थांबवलं आणि दोन ग्लास मागितले.

या गाडीत ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी होती. गॅस हवेपेक्षा जड. तो गळाला की खाली पसरतो, म्हणून डबीही खाली. गॅस लागला की ती किंचाळते. साहेबांच्या जिवाला मोल जास्त, म्हणून ती आधीपासूनच बसवलेली होती. तिचा उपयोग कळला तेव्हा मी सुनेला म्हटलं, "मला नाही आला वास तरी हिला येतो, मग मी गाडीत शेगडी पेटवायला काय हरकत आहे?" तिला नाही म्हणता येईना. तेव्हापासून महिन्यातून एकदोनदा आम्ही निघायचो आणि तेवढे दिवस मी माझ्या हाताने स्वयंपाक करायचे. तो ओटा गेला असता तर माझं म्हणून कुठेच काही उरलं नसतं, हे मी स्पष्टच सांगते.

म्हणून डबी कुरकुरायला लागली तेव्हा माझा जीव वरखाली झाला. किंचाळणं नव्हे, मध्येच एक टिक, मग बऱ्याच वेळाने आणखी एक. बॅटरी उतरली तरी ती असं करते, म्हणून यजमानांनी बॅटरी मोजली. भरलेली होती. जाळीवरची धूळ ब्रशने झाडली. साबणाचा फेस करून रेग्युलेटरला, नळीला, प्रत्येक जोडाला फासला. बुडबुडा कुठेच आला नाही. टिक चालूच. शेवटी स्क्रू काढून डबी उलटी केली, तर मागे छापलेलं होतं की ठरावीक वर्षांनी ही बदलावी. ती वर्षं कधीच उलटून गेली होती. तिच्या आतला वास घेणारा भाग म्हणे म्हातारा होतो.

"तुना नाकसारखंच शे हाई," यजमान त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

मुलाने नवी मागवून दिली. लाल तार लालला, काळी काळीला, वरून टेप. स्क्रूची भोकं जुन्या मापाची नव्हती, ती नवी पाडावी लागली. आधी पिवळा दिवा लागला, आणि डबी पुरती जागी झाल्यावर हिरवा. यजमानांनी लायटर न पेटवता त्यातला गॅस तिच्यापुढे सोडला, तशी ती इतक्या जोरात किंचाळली की दारातलं कुत्रं गल्लीच्या टोकाला जाऊन थांबलं. मला ती फार आवडली.

नवी डबी घेऊन पहिली फेरी रावेरकडे, नणंदेच्या घरी झाली. परतताना नंदोईंनी केळीचा अख्खा घड दिला, हिरवागार. घरी पोचेपर्यंत पिकेल म्हणाले. यजमानांनी तो गोणपाटात गुंडाळून बाकाखालच्या पेटीत ठेवला आणि वर झाकण दाबून बसवलं. वाटेत भडगावला, गिरणेच्या काठी ओळखीच्यांच्या मळ्यात, आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बंद करून मळा बघून आलो. शेवभाजी करायचं माझ्या मनात होतं. दार उघडलं तर डबी किंचाळत होती.

यजमानांनी सिलेंडर बंद केलं. पुन्हा साबणाचा फेस, पुन्हा बुडबुडा नाही. मग सिलेंडरच उचलून बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवलं. डबी किंचाळतच होती. मळेवालेही धावत आले आणि काही समजेना तेव्हा गाडीकडे बघत उभे राहिले.

"हाई बी बोगस निंघनी," यजमान म्हणाले आणि पक्कड घेऊन आत शिरले. "वायर तोडी टाकसू मी."

"तोडायची नाही," मी म्हटलं.

"अवं, गॅस भायेर शे. मना नाक शे ना आठे! माले काही वास येस नही."

"काहीच नाही?"

त्यांनी वाकून, ओट्याखाली डोकं घालून हुंगलं. "लसूणना येस. दुसरा काही नही."

लोक तिथेच उभे होते. नाक नसलेली बाई नाक असलेल्या माणसाशी वासावरून भांडते आहे, हे त्यांनी घरी जाऊन सांगितलं असणारच. पण मला दुसरंच दिसत होतं. तार तुटली की धुळ्याला गेल्यावर सून विचारणार, डबी चालते ना आई? आणि मग गाडीतही "राहू द्या" सुरू होणार. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी डोकं चाललं. लसूण मी त्या दिवशी सोललेलाच नव्हता. लसूण या खेपेला आणलाच नव्हता, मळ्यातून मागून घ्यायचा होता.

"मग लसणाचा वास कुठून येतो?" मी विचारलं.

यजमानांनी पक्कड खाली केली आणि पुन्हा हुंगत हुंगत बाकापर्यंत गेले. झाकण उघडलं. घड बाहेर काढला तर फण्यांच्या मध्ये वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी कोंबलेली होती, केळ्यांच्या घामाने ओली झालेली. आत राखाडी खडे. कार्बाइड. फळं लवकर पिकवायला घालतात ते. त्याला बंदी आहे आणि तरीही ते मिळतं. ओल लागली की त्यातून लसणासारख्या वासाचा, पेट घेणारा गॅस सुटतो, वेल्डिंगला वापरतात तोच. नंदोईंच्या केळीच्या वखारीतल्या कुणी गड्याने ती घडात घातली होती आणि नंदोईंना त्याचा पत्ता नव्हता, हे नंतर फोनवर कळलं. पुडी दूर उघड्या रानात नेली, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. थोड्या वेळाने डबी गप्प झाली आणि दिवा हिरवा लागला.

ज्या माणसाने उभा जन्म वेल्डिंगच्या शेडमध्ये काढला त्याला तोच गॅस स्वतःच्या बाकाखाली ओळखता आला नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी हे त्यांना भडगाव ते धुळे पूर्ण रस्ताभर ऐकवलं.

धुळ्याला आल्या आल्या मी मुलाला तशीच आणखी एक डबी मागवायला लावली. यजमानांनी ती घरच्या स्वयंपाकघरात, सिलेंडरशेजारी, खाली बसवली. मी सुनेसमोर लायटर धरून ती वाजवून दाखवली आणि पदर खोचत म्हटलं, "उद्यापासून भाजी माझ्याकडे."

सुनेने शेगडी पुसली, पुसलेलीच होती ती, आणि म्हणाली, "आई, गॅसचं एक झालं. पण तेवढंच नव्हतं."

"मग?"

"तुमच्या हातची भाजी आता… मसाला जळलेला असतो आई. खोबरं, कांदा, सगळं. लसूण कधी फार, कधी नाहीच. मुलं ताट सरकवायची. तुम्हाला कसं सांगायचं, कळेना. ती बटणाची गोष्ट झाली, आणि मग मला ते सांगायची गरजच पडली नाही."

ती रडकुंडीला आली होती. मी रडले नाही. आमच्याकडचा काळा मसाला नाकावर होतो. खोबरं तांबूस झालं की काळं, ते डोळ्याआधी नाकाला कळतं. मला हे समजायला हवं होतं, कुणी न सांगता. डबी गॅस ओळखते, खोबरं ओळखत नाही. मला फार लाज वाटली.

यजमान अंगणात जीप धूत होते. मी तशीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "गाडीतलं माझं जेवण जळकं असायचं?"

त्यांनी नळ बंद केला. "रहे कधी कधी."

"कधी कधी?"

"बहुतेक दाव."

"मग बोलला का नाहीत? दरवेळी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात!"

"तू करं, मी खादं," ते म्हणाले. "त्यामा सांगानं काय?" आणि पुन्हा नळ सुरू केला.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. सुनेवर राग नव्हता, यांच्यावर होता, आणि तो कशाचा हे नीट सांगताही येत नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होते की गाडीत मी यांना करून घालते. तिसऱ्या दिवशी मी तव्यावर खोबऱ्याचा कीस टाकला आणि त्यांना हाक मारली. "इथे उभं राहायचं. खरं सांगायचं. वाढून घ्यायचं नाही."

ते माझ्या खांद्यामागे उभे राहिले. मी हलवत होते. मला कीस नुकता पिवळा दिसत होता, बराच वेळ आहे असं वाटत होतं.

"जयनं," ते म्हणाले. "उतार आते."

"जळलं? अजून तर…"

"जयनं म्हनस ना."

मी तवा उतरवला. खालून कीस काळा झाला होता. माझ्या स्वयंपाकाबद्दल इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा खरं बोलले, आणि मला बरं वाटलं. मी तो कीस टाकून दिला आणि दुसरी वाटी किसायला घेतली. ते तिथेच उभे राहिले.