रुमालाचा फेर

कारखान्याच्या साहेबाच्या बायकोनं माझा हात धरला न्हाई. नाचाची तालीम चालली हुती. मी हात म्होरं केला, तिनं आपला हात पदरात घेतला आन् नाचवाल्या ताईंकडं बगितलं. ताईंनी पर्समधनं पांढरा रुमाल काढला. एक टोक तिला, एक मला.

"असं धरा. स्टेजवर छानच दिसेल," ताई म्हनल्या.

दुष्काळाचं साल. पाथर्डीकडनं आमी कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला आल्तो. ताई मुंबईच्या. गाव सुटलेल्या मान्सांवर नाच बसवायचा म्हनून महिनाभर कारखान्याच्या बंगल्यात ऱ्हायल्या हुत्या. आमच्या पाचटाच्या कोपीवर येऊन आईला इचारायच्या, "इथं परकं वाटतं का हो?"

आई म्हनायची, "गावात तरी आमाला कुनी आपलं म्हनलं, बाई?"

ताईंचे डोळे भरायचे. मला लई चांगल्या वाटायच्या त्या.

पंचमीचा फेर त्यांना मीच शिकवला. आमच्या म्हारवाड्यातला. हातात हात घट्ट धरायचा, सुटला की फेर मोडला. नाचायला घेतल्या साहेबलोकांच्या बायका, आन् आमच्यातली मी एकली.

रुमाल धरला मी. काय करनार? मुकादमानं आईला बजावलं हुतं, "पोरीनं नखरा केला तर चंबूगबाळं आवळा आन् चालू पडा." गावाला ना पानी, ना दाना. जायचं कुठं? रोज तालमीला जायचे, मुकाट नाचायचे. आतनं नुसती आग आग व्हायची.

कार्यक्रमाला मांडव भरला. खाली मातीवर आमची बायामान्सं, त्यात आई. ताई माईकवर बोलल्या, "या फेरात सगळे एक आहेत."

माझं डोस्कंच फिरलं. रुमाल टाकला आन् साहेबाच्या बायकोम्होरं उघडा हात धरला. बगू म्हनलं. ती मागं सरली.

ताई कडंनं दात खात म्हनल्या, "रुमाल उचल! माझा नाच बिघडवू नकोस."

माझा नाच? हिचा कवा झाला?

"फेर आमचा हाय," मी म्हनले. "हात धरवत न्हाई तर नाचू नका." आन् खाली उतरले. आईजवळ मातीवर जाऊन बसले.

सकाळी मुकादमानं कोपी मोडाय लावली. वाटंनं आई रडत हुती. "एक दिस आनखी धरला असतास रुमाल, तर काय हात झडला असता का गं?"

तवा मला बोलता आलं न्हाई. पुढं लई उपास काढले, तरी न्हाई. आज सांगते. व्हय आई, झडला असता. परत उपाशी मरंन, पन हात झाकून कुनाच्या फेरात उभी ऱ्हानार न्हाई.