घोरपडीने बांधलेली वाट

तिला सगळे घोरपड म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. तरुणपणी ती कड्याला अशी चिकटून चढायची की खालून बघणारे डोळे मिटून घ्यायचे आणि ही वरून त्यांनाच हसायची. पुढे वनखात्याने तिला डोंगरावर वाट दाखवायच्या कामाला ठेवलं. त्या जंगलाचा कोपरा न् कोपरा तिला पाठ होता. पण तिच्यामागून एकदा डोंगर चढलेला माणूस दुसऱ्यांदा तिच्याबरोबर जायला तयार नसे. कुणी धाप लागून बसलं की ती थांबायची, पण कमरेवर हात ठेवून अशी थांबायची की बसलेला शरमेने उठून चालू लागे. "पाय दिलेत ना? मग वापरा की," हे तिचं ठरलेलं वाक्य.

घर वडिलांचं, दोन मजली. वर ही एकटी. खाली तिची थोरली बहीण आणि भाऊजी. भाऊजी शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि मागच्या खोलीत ताईची चाकांची खुर्ची. ताईचे पाय एकदम गेले नव्हते. आधी ती अडखळू लागली, मग भिंत धरू लागली, मग जिना सुटला. दुखणं मणक्यात आहे हे डॉक्टरांना कळायच्या आधी, एके दिवशी ताई उंबऱ्यात पडली, तेव्हा घोरपड सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तू मनावरच घेत नाहीस, ताई. उठायचंच नाहीये तुला."

पुढे दुखण्याचं नाव कळलं. घोरपडीने शब्द मागे घेतला नाही आणि ताईने तो विसरायचं नाव काढलं नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं भाऊजींमार्फत चाले.

"तुमच्या मेहुणीला सांगा, पहाटे बादल्या आपटू नकोस म्हणावं."

"ऐकलंय तिने," भाऊजी मशीनवरून मान वर न करता म्हणत. वरची जमीन फळ्यांची होती. सगळंच ऐकू जायचं.

मग घोरपडीचा गुडघा गेला. चढताना चालायचा, उतरताना अशी कळ मारायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी कडा बंद म्हणून सांगितलं. नेमकं त्याच सुमारास वनखात्यात नवे साहेब आले आणि त्यांनी डोंगरावरच्या वाटांची नव्याने आखणी केली. लाल वाट कसलेल्यांसाठी, निळी मुलाबाळांसह येणाऱ्यांसाठी, आणि हिरवी सगळ्यांसाठी. म्हातारी माणसं, बाबागाड्या, चाकांच्या खुर्च्या, काठी टेकत चालणारे, सगळ्यांसाठी.

"हिरवी तुम्ही करायची," साहेब म्हणाले.

"मी? पांगुळगाडे सांभाळायला?"

"दुसरं काम नाही माझ्याकडे. नको असेल तर तसं सांगा."

घोरपडीने नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणून जाणार कुठे? पण साहेबांच्या टेबलावरून उठताना तिने खुर्ची इतक्या जोरात मागे सरकवली की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावला.

हिरवी वाट तिने उरकली. गाड्या उभ्या करायच्या मैदानामागे झाडी होती, तिथे जमीन सपाट होती. गवंड्याला हाताशी घेऊन तिने झाडांभोवती एक फेरी आखली, खडी टाकली, दोन बाक ठेवले, झालं. गवंडी बडबड्या. तो म्हणाला, "बाई, इथून दिसतं काय? गाड्या आणि संडास."

"ज्यांना डोंगर बघायचाय त्यांनी चढावं," घोरपड म्हणाली.

उद्‌घाटनाला बरीच माणसं आली. साहेबांनी भाषण केलं. लोक टाळ्या वाजवत असताना मैदानाच्या फाटकातून भाऊजी खुर्ची ढकलत आत आले. खुर्चीत ताई होती, केस घट्ट बांधलेले, ओठ त्याहून घट्ट. ताईने भाऊजींना थांबवलं, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत अख्खी फेरी पुरी केली आणि थेट साहेबांसमोर येऊन थांबली.

"साहेब, ही वाट नाही," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बाकीचे डोंगरावर जाऊन येईपर्यंत आम्हाला कुठंतरी ठेवायची ही जागा आहे. सामान ठेवतात तशी."

साहेबांचा चेहरा उतरला.

"कोणी केलीय ते मला माहीत आहे," ताई पुढे म्हणाली. "तिला आमच्यासारख्यांचा आधीपासूनच तिटकारा आहे."

घोरपडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक पाहत होते म्हणून ती गप्प राहिली. पण संध्याकाळी ती जिना उतरून खाली आली आणि ताईच्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"चार माणसांत माझी अब्रू काढलीस. आता सांग, कुठे जायचंय तुला?"

"कड्यापर्यंत."

"वेड लागलंय? केवढा चढ आहे तो!"

"मग म्हण ना, माझ्याच्याने होणार नाही म्हणून."

"होणार नाही असं कोण म्हणालं?"

"मनावर घे," ताई म्हणाली आणि खुर्ची वळवून तिने पाठ केली.

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. भाऊजी सुई हातात धरून बसून राहिले.

घोरपडीने साहेबांकडून परवानगी काढली आणि निळ्या वाटेच्या बाजूने जंगलातून कड्याकडे जाणारी वाट खणायला घेतली. पहिला तुकडा झाल्यावर ताई हजर. थोडं वर गेली आणि थांबली. "चाकं रुततात." घोरपडीने खडी बदलली. ताई पुन्हा आली. "चढ फार आहे." मग, "वाट दरीकडे कललीय, खुर्ची तिकडेच ओढली जाते." दर खेपेला ती नवीन खोट काढायची आणि दर खेपेला घोरपडीला वाटायचं, ही मुद्दाम करतेय. मला नाचवतेय.

"सगळं ठीक आहे या वाटेत," ती गवंड्याला म्हणाली. "तिला फक्त मला छळायचंय. दाखवतेच."

कचेरीत एक जादा खुर्ची पडून होती, कधी कुणाला लागलीच तर म्हणून आणलेली. मजूर जेवायला बसले तशी घोरपड ती घेऊन एकटीच वाटेवर गेली, बसली आणि चाकं फिरवू लागली. सुरुवातीला सोपं वाटलं. मग चढ लागला. एक हात मारला की खुर्ची पुढे जाई आणि पकड बदलेपर्यंत तेवढीच मागे येई. खांदे भरून आले. ज्यांनी आयुष्यभर खडक धरला ते हात रबरी चाकावरून घसरू लागले. ती इरेला पेटली. जोर लावला, तशी खुर्ची दरीच्या अंगाला फिरली, पुढची लहान चाकं खडीत अडकली आणि ती खुर्चीसकट कडेच्या चरात आडवी झाली.

पडल्याचं तिला काही वाटलं नाही. पडणं तिच्या सवयीचं होतं. पण तिथे चरात, कुशीवर पडून वर पाहताना तिला ती चार पावलांची वाट दिसली, जी ती डोळे मिटून चालली असती, आणि ती तिला भिंतीसारखी वाटली. ताई रोज या भिंतीवर चढत होती. वर येऊन फक्त खोट सांगत होती, आपण किती दमलो ते एकदाही बोलली नव्हती. घोरपडीला तिची दया आली नाही. राग आला. आधी ताईचा, मग वाटेचा, मग स्वतःचा.

गवंडी शोधत आला आणि पोट धरून हसला. "घोरपड उताणी!"

"हसू नका. उचला मला. आणि कुदळी आणा, हे सगळं उखडायचंय."

"सगळं?"

"बहिरे आहात का?"

तिने वाट नव्याने आखली. लांब, नागमोडी, चढ जाणवणारसुद्धा नाही अशी. खडीऐवजी बारीक दगडी चुरा पाणी मारून ठोकून बसवला. वळणावळणाला दम खायला सपाट जागा केली. काम होईपर्यंत ताईला तिने तिथे फिरकू दिलं नाही, आणि खुर्चीतून पडल्याचं घरी सांगितलं तर याद राख, असं गवंड्याला बजावलं.

शेवटी एका सकाळी भाऊजी ताईला घेऊन आले. भाऊजी खालीच थांबले. ताई चाकं फिरवत निघाली. घोरपड चार पावलं मागे, लंगडत.

"मागून येऊ नकोस. पहाऱ्यात असल्यासारखं वाटतं."

"माझी वाट आहे. कुठेही चालेन."

झाडं दाट झाली, पुन्हा विरळ झाली. ताईच्या मानेवर घाम आला होता. दोनदा ती थांबली, घोरपडही थांबली, आणि दोन्ही वेळी आभाळाकडे पाहत राहिली. अखेर झाडी संपली आणि समोर मोकळा कडा आला. ताईने खुर्ची कठड्यापाशी नेली. घोरपडीला वाटलं, आता तरी ही खोट काढणार नाही.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"लाकूड," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"बसून बघ."

घोरपड खुर्चीशेजारी उकिडवी बसायला गेली, गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून सरळ धुळीत बसली. कठड्याचा आडवा वासा बरोब्बर डोळ्यांसमोर होता. त्याच्या वर आभाळ, त्याच्या खाली गवत. दरी, नदी, पलीकडचे डोंगर, सगळं त्या वाशाच्या मागे.

"एवढं करून शेवटी हे," ताई म्हणाली. आता तिचा आवाज खणखणीत नव्हता. फाटला होता. "उभ्या माणसाच्या डोळ्यांनीच बघणार तू. जन्मभर."

घोरपड कठडा धरून उठली आणि तिने खालच्या वळणावर बसलेल्या गवंड्याला हाक मारली. तो सामान घेऊन वर येईपर्यंत ती ताईकडे पाठ करून उभी राहिली. मग तिने स्वतः करवत घेतली आणि वासा कापायला लागली.

"अहो बाई, पोरं पडतील खाली!" गवंडी ओरडला.

"त्याच्या जागी बारीक तारा ओढू. आजच. तोवर मी इथून हलत नाही."

वासा सुटला आणि दोघांनी तो बाजूला टाकला. ताई पाहत राहिली. खाली कुठेतरी नदी चमकत होती, ढगाची सावली समोरच्या डोंगरावरून सरकत होती. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. घोरपडीला ते दिसलं. खांद्यावर हात ठेवावा असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण करवतीने हात काळे झाले होते, आणि ते नसते झाले तरी तिने ठेवला असता की नाही कोण जाणे.

"त्या दिवशी उंबऱ्यात," ती दरीकडे बघत म्हणाली, "मी बोलले ते..."

"आत्ता नको," ताई म्हणाली. "आत्ता मला बघू दे."

ताई उन्हं चढेपर्यंत तिथे होती. निघताना म्हणाली, "मधल्या वळणावर पाणी साचेल पावसात."

"नाही साचणार."

"बघूच."

पाऊस आला तेव्हा मधल्या वळणावर पाणी साचलं. घोरपड त्या सकाळी लवकर जाऊन, ताई यायच्या आत, भिजत चर खणून आली.