डोळे मिटून दिलेलं मत

ओझरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर रंगनाथदादांनी आयुष्यात पहिल्यांदा उघडपणे सांगितलं, मी गे आहे. सांगितलं कुणाला, तर आम्हाला. सिडकोतल्या एका क्लासच्या खोलीत दर रविवारी जमणारा आमच्यासारख्यांचा गट त्यांनीच उभा केला. सतरंजी त्यांची, थर्मासातला चहाही त्यांचाच. मत देताना डोळे मिटून हात वर करायची पद्धतही त्यांची, बोलायला घाबरणाऱ्यालाही नको म्हणता यावं म्हणून. एकाने डोळे उघडे ठेवून हात मोजायचे आणि पाहिलेलं पोटात ठेवायचं.

शेखर येवल्याचा, पैठणी विणणारा, दादांच्या निम्म्या वयाचा. आधी एसटीने बैठकीला यायचा, मग दादांच्या घरी राहायलाच आला. दादा केस काळे करू लागले, तेव्हा आम्ही चिडवून चिडवून त्यांना भंडावून सोडलं. बैठकीत शेखरच्या वतीनेही दादाच बोलायचे. शेखरला हे आवडत नाही, शेखरला ते पटत नाही. तो नुसता हसायचा.

मग गटातल्या संजनाने ठराव मांडला. जोडीत वयाचं अंतर फार असेल तर मोठ्याने बैठकीला येऊ नये, म्हणजे धाकट्याला मोकळं बोलता येईल. माझं डोकंच फिरलं. पण तिच्याहून वयाने खूप मोठ्या जोडीदारणीने तिला किती छळलं होतं ते ठाऊक असल्याने कुणी तोंड उघडेना.

दादा उठले. "माझा विरोध आहे," ते म्हणाले. "तुमची भीती खरी असेल. पण धाकट्याला विचारा तरी. शेखर इथेच बसलाय."

शेखर सतरंजीचा धागा ओढत राहिला. "मतच घ्या," एवढंच म्हणाला.

मोजायची पाळी माझी होती. सगळ्यांनी डोळे मिटले. दादा शेखरला खेटून बसले होते. शेखरचा हात वर गेला, तसा दादांचा खांदा हलला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. ठराव मंजूर झाला.

नंतर मी कप विसळत होते, तेव्हा ते जवळ आले. "स्नेहा, विचारू नये, कळतंय मला. पण त्याचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला ना?"

"हो दादा," मी म्हणाले. "अगदी शेवटी."

त्यांनी मान हलवली, थर्मास उचलला आणि एकटेच जिना उतरले. मला रडू आवरेना. शेखरचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता.