मोरीत गेलेले थेंब

माझ्या मुलीची पित्तनलिका जन्मतःच बंद होती. ऑपरेशन झालं, तरी पित्त आतड्यात नीट उतरेना, कावीळ हटेना. पित्त नाही म्हणून तेल-तूप पचत नसे, आणि त्याच्यासोबत अंगी लागणारी जीवनसत्त्वंही वाया जात. डॉक्टरांनी त्या जीवनसत्त्वांचे थेंब लिहून दिले आणि मऊ भातात खोबरेल घालायला सांगितलं. पित्त कमी असलं तरी ते पचतं.

आमच्या पेडगावात कावीळ म्हटली की तेल, तूप, हळद बंद. पिवळं काही नजरेलासुद्धा पडू द्यायचं नाही. शेजारच्या काकू दारातूनच ओरडायच्या, "अगं बाई, डोक्याला लावायचं तेल पोरीला चारायलीस व्हय? लय शिकलीस!" मी गप्प राहायचे. शाळेत तासतासभर समजावणारी मी, घरी औषधांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून मोकळी झाले होते. सकाळी मी शाळेत. थेंब सासूबाईंनी द्यायचे. त्यांना वाचता येत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मुलगी वर्षाची झाली, तेव्हा सासूबाईंनी सोनाराला घरी बोलावून तिचे कान टोचून घेतले. मी दुपारी परतले, तर उशी लाल. रक्त थांबतच नव्हतं. परभणीच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "थेंब चालू आहेत ना?"

"रोज," मी म्हणाले.

"न्हाई," मागून सासूबाई म्हणाल्या. "तेलकट हाय, वर पिवळंजर्द. कावीळ वाढली असती. मी मोरीत वतायचे."

अगदी शाबासकी मिळेल अशा आवाजात!

रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, तेव्हा रक्त थांबलं. परतताना रिक्षात मी सासूबाईंना वाटेल ते बोलले. दुसऱ्या दिवसापासून त्या थेंब मोठ्यानं मोजून देऊ लागल्या, मला ऐकू जावं म्हणून. मला त्याचाही वैताग यायचा.

पुढे मूळच्या दुखण्यानं यकृतच थकत गेलं. दिवाळीच्या आधी ती गेली.

भेटायला आलेल्या काकू म्हणाल्या, "ते डोक्याचं तेलच बाधलं बघा लेकराला."

"तेल न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "औषध मी वतलं मोरीत."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी आज्जी हाव. तुमी कशाला वाईट कराल? तेलच बाधलं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, निदान मी तरी खरं सांगेन म्हणून. मी याही वेळी गप्पच राहिले.